सदतिसावा खळगा

तोन, मघाशी तो थर्माकोलचा खोका आत घेताना काय म्हणालास रे त्याला? "या साहेब, दमला असाल"? हसू नकोस. फाय, तूही तोंड लपवून हसू नकोस, मला दिसतंय. मी रागावलेलो नाही. फक्त एवढं सांगतो, की या लॅबमध्ये खोक्याशी बोलायचं नाही. कुठल्या फाईलमध्ये लिहिलेला नियम नाही तो. पण मी इथं एकतीस वर्षं काढली आणि पुढच्या महिन्यात घरी बसणार आहे, तेव्हा कुणीतरी तुमच्या कानावर घातलेलं बरं.

प्लेट झाकलीस ना? मग तासभर तसंही काही काम नाही. कॉफी घ्या आणि बसा इकडं. दिवा राहू दे चालू.

तुम्ही खामपुनला पाहिलेलं नाही. आपल्या लॅबचा ड्रायव्हर होता. ठेंगणा, काळासावळा, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. इथं लागण्याआधी पंधरा वर्षं तो बचाव पथकाची गाडी चालवायचा. रस्त्यावर अपघात झाला की मेलेल्यांना उचलायचं आणि त्यांच्या गावी पोचवायचं. आता आपली रीत तुम्हाला काय सांगायची. प्रेत घेऊन निघालं की वाटेत पूल आला, फाटा आला, की त्याला सांगावं लागतं: पूल आला बरं का, चल माझ्याबरोबर. नाहीतर देह पुढं जातो आणि जीव पाण्याच्या अलीकडंच उभा राहतो. खामपुनच्या जिभेला ते वळणच पडलं होतं.

तो इथं लागला तेव्हा आपल्या तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला समोर बसवून सांगितलं, "खामपुन, आपल्या खोक्यात माणूस नसतो. त्याच्या प्लीहेचा बोटभर तुकडा असतो आणि दोन नळ्या रक्त. बाकीचा माणूस तिकडं आपल्या आईजवळ असतो. त्याला इकडं बोलवायचं नाही. बोलावलंस तर परत कसा जाईल तो?"

खामपुननं ते नऊ वर्षं पाळलं. पूल आला की ओठ आवळून बसायचा बिचारा.

त्याची बायको लमदुआन. ती आपल्याच यादीवर होती, किडनीसाठी. सहा वर्षं. आणि तिचं रक्त म्हणजे महाभांडखोर. तीन बाळंतपणं झालेली, दोनदा परक्याचं रक्त चढवलेलं, त्यामुळं त्या रक्तानं सगळ्या परक्यांशी वैर धरलेलं. शंभरातल्या पंच्याण्णव माणसांशी तिचं पटायचं नाही. तुम्ही आत्ता केलंत तेच मी दरवेळी करायचो. दात्याच्या पेशी खळग्यात घालायच्या, वर रुग्णाचं सीरम, वैर असेल तर पेशी फोडायला वर सशाचं सीरम, मग रंग. पेशी जिवंत राहिल्या तर चकाकतात, म्हणजे जमलं. मेल्या तर रंग पिऊन काळ्या पडतात. प्लेटवर सदतिसावा खळगा लमदुआनचा. सहा वर्षांत तो एकदाही चकाकला नाही. मी सकाळी बाहेर आलो की खामपुन माझ्या तोंडाकडं बघायचा आणि न विचारताच म्हणायचा, "घरी पण अशीच भांडते." हसायचा. मग गाडी धुवायला निघून जायचा.

आता ती रात्र. दोन हजार चौदा, पंधरा एप्रिल, मंगळवार. नव्या वर्षाचं सोंगक्रान, त्याचा तिसरा दिवस, आणि नेमकी पौर्णिमा. त्या दिवसांत रस्त्यांवर काय चालतं ते तुम्ही जाणताच. दिवसभर पाणी उडवायचं, गालांना पांढरी भुकटी फासायची, ढोसायची, आणि एका मोटरसायकलवर तिघांनी बसून घरी निघायचं. संध्याकाळी सहाला मुकदाहानकडच्या एका दवाखान्यातून फोन आला. दाता आहे, आईनं सही केली आहे, नमुना घ्यायला माणूस पाठवा. खामपुन निघाला.

निघताना माझ्याशी एक शब्द बोलला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्या दुपारीच डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं होतं. लमदुआनच्या हातांतल्या शिरा कधीच संपलेल्या. मांडीत घातलेली शेवटची नळी पिकली होती. ती काढली की डायलिसिस लावायला जागाच उरत नव्हती. एक महिना, फार तर दीड.

पुढचं मला खामपुननं सांगितलं. त्याच्याच शब्दांत सांगतो.

अकरा वीसला खोका त्याच्या हातात पडला. वर फक्त एक नंबर, वय एकोणीस, रक्तगट ओ. नाव नाही, गाव नाही. ते आपल्याला कधीच सांगत नाहीत. त्यानं खोका मागच्या सीटच्या खाली पायांपाशी पक्का बांधला आणि गाडी काढली. रस्ता मोकळा. चांदणं इतकं की दिव्यांची गरज नव्हती. काचेवर लोकांनी फेकलेल्या पाण्याचे डाग वाळलेले.

पहिला पूल आला. लहानसाच. आणि खामपुनच्या तोंडून निघून गेलं...

"पूल आला, बाळा. चल माझ्याबरोबर."

म्हणाला आणि जीभ चावली. पण एकदा तोंड उघडल्यावर त्याला धीर धरवेना. तो ढसाढसा रडायला लागला आणि रडत रडत बोलत सुटला, "बाळा, माझी बायको आहे तिथं. सदतिसावा नंबर तिचा. तिच्याशी भांडू नकोस रे. एवढं कर माझं. मी तुला स्वतः घरी नेऊन सोडीन. शपथ घेतो."

नवस बोलला तो. ज्याचं नाव माहीत नाही त्याला.

पूल संपला. आणि गाडीत टिंग... टिंग... टिंग... वाजायला लागलं.

पट्ट्याची घंटी. शेजारच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजते ती. खामपुननं डावीकडं पाहिलं. सीट रिकामी. वर पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही, काही नाही. त्यानं स्वतःचा पट्टा चाचपला, लावलेला होता. टिंग... टिंग... दहा मिनिटं त्यानं ते ऐकलं. मग एका हातानं डावीकडचा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन खटकन लावला.

घंटी थांबली.

"वायर सैल झाली असेल," असं तो मोठ्यानं म्हणाला. त्यानंतर मात्र त्यानं डावीकडं मान वळवली नाही.

सोमदेत गावाच्या अलीकडं रस्त्याकडेला तंबू होता. सणाच्या दिवसांत गावकरी लावतात तसला, ड्रायव्हरांना झोप येऊ नये म्हणून कॉफी आणि गार ओले रुमाल देतात. पोलिसानं बॅटरी दाखवून गाडी थांबवली. एक म्हातारी काचेपाशी आली. तिनं खामपुनला रुमाल दिला. मग आत वाकून बघितलं आणि दुसरा पुढं केला.

"हा त्याच्या कपाळाला लाव."

"कुणाच्या, आजी?"

"आता कुणाच्या म्हणजे? बँडेज बघ की त्याचं, भिजून गेलंय सगळं. दवाखान्यात नेतोयस ना? मग गप्पा काय मारतोस, हाण गाडी!"

खामपुननं गाडी हाणली. दुसरा रुमाल त्याच्या मांडीवर तसाच पडून राहिला. त्यानं मनाशी ठरवलं, आता एकही शब्द बोलायचा नाही. पूल येवो नाहीतर काही येवो.

लाम पाव नदीचा पूल आला. खामपुन गप्प.

टिंग.

पट्टा तर लावलेला होता.

टिंग... टिंग... टिंग... टिंग... पुलाचा पहिला खांब. दुसरा. घंटीचा आवाज वाढत चालला. पायाशी गारवा. डाव्या बाजूनं. पुलाच्या मध्यावर त्यानं डोळे गच्च मिटले, गाडी चालू असताना... आणि ओरडला, "पूल आला, बाळा! पूल आला! चल!"

शांत.

नंतरच्या प्रत्येक पुलावर त्यानं सांगितलं. शहरापर्यंत.

दोन पन्नासला खोका माझ्या हातात आला. खामपुनचा चेहरा राखेसारखा. मी म्हटलं, "जाऊन झोप." तो म्हणाला, "बसतो इथंच." बाहेर पॅसेजमध्ये बाक आहे ना, तिथं बसला. मी आत आलो आणि कामाला लागलो. एकटाच होतो. पेशी वेगळ्या केल्या, अगदी छान निघाल्या. प्लेट लावली.

साडेचारला मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिला खळगा चकाकत होता. दुसराही. तिसरा, चौथा... मला आनंद झाला, या पोराचं तर सगळ्यांशी जमतंय! विसावा, तिसावा. सदतिसावा.

सदतिसावा चकाकत होता.

पोरांनो, मला रडू आलं. खरंच आलं. सहा वर्षं मी तो खळगा काळाच पाहिला होता. मी उठून दाराकडं निघालोसुद्धा. मग आठवलं, शेवटचा खळगा बघायचा राहिला.

शेवटच्या खळग्यात आपण काय घालतो, फाय? बरोबर. मारक सीरम. त्यात कुणाच्याही पेशी मरतात, मरायलाच पाहिजेत, तरच बाकीच्या प्लेटवर विश्वास ठेवायचा. मी तो पाहिला.

सगळ्या जिवंत.

मी म्हटलं, सशाचं सीरम खराब असेल. नवी बाटली फोडली, नवी प्लेट लावली. पुन्हा तेच. मारक सीरम दुप्पट घातलं. चकाकतायत. स्वच्छ, गोल, एक न् एक. त्या पेशी मरायला तयार नव्हत्या. या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि माझ्या मानेवर कुणीतरी गार श्वास सोडत होतं. वाकून बघतंय... माझ्या खांद्यावरून... जमतंय का ते बघतंय. मी मागं पाहिलं नाही.

मी पॅसेजमध्ये आलो. खामपुन बाकाच्या अगदी टोकाला, अर्ध्या बुडावर बसला होता. चार माणसांचा बाक.

मी म्हटलं, "असा काय बसलायस? सरक की जरा, मला बसू दे."

तो सरकला नाही.

"जागा नाहीये, विरात."

...

मग त्यानं सगळं सांगितलं. पूल, नवस, म्हातारी, सगळं. सांगून झाल्यावर माझा हात धरला आणि म्हणाला, "चकाकला ना सदतिसावा? मग लिहून टाक. तुझ्या पाया पडतो, लिही. तिच्याकडं दुसरी वेळ नाही."

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पेन माझ्या खिशात होतं. मीही त्या बाईच्या हातचं जेवलो होतो. एक सही केली असती तर सकाळी आठला तिला टेबलावर घेतलं असतं.

मी म्हटलं, "खामपुन, नीट ऐक. हा पोरगा तुझा शब्द पाळतोय. तू भांडू नकोस म्हणालास, तो कुणाशीच भांडत नाहीये. पण तिचं रक्त त्याला ओळखत असेल तर किडनी जोडल्यावर दहा मिनिटांत काळी पडेल. पोटातच. तिथंच मरेल ती. मला खरं काय आहे ते दिसू दे."

"आणि खरं काळं निघालं तर?"

मी पेन खिशातच राहू दिलं.

बाहेर कोंबडा आरवला. मग तो बाकावरून उतरून जमिनीवर गुडघ्यांवर बसला आणि रिकाम्या बाकाकडं तोंड करून त्यानं हात जोडले.

"बाळा, मी चुकलो. लबाडी करायला सांगितली तुला. पटत नसेल तर नाही म्हण. खरं ते सांग. तरीही मी तुला घरी नेईन, नवस माझ्याकडं."

मी आत पळालो, कारण मला ते बघवेना.

तिसरी प्लेट. सकाळचे सात. शेवटचा खळगा आधी पाहिला. काळा, सगळ्या मेलेल्या. जसं हवं तसं. बाकीचे काही काळे, काही चकाकणारे, नेहमीसारखे. दोन जणांशी उत्तम जमलं. त्याच दिवशी त्या दोघांना त्या पोराच्या किडन्या मिळाल्या, दोघंही बरे झाले.

सदतिसावा काळा होता. मी दहा मिनिटं त्यावर डोळा ठेवून होतो, एखादी तरी जिवंत दिसेल म्हणून. नाही दिसली.

उरलेला तुकडा आपण जाळायला पाठवतो. त्या दिवशी मी तो नियम मोडला. बाटलीत घालून खामपुनच्या हातात दिला. त्यानं तो मांडीत धरला आणि डावीकडचा पट्टा लावला. लमदुआनला भेटायलासुद्धा थांबला नाही. नऊ वाजता निघाला, उलट्या वाटेनं, प्रत्येक पुलावर सांगत. "पूल आला बाळा. घरी चाललोय आपण."

मुकदाहान जवळ आलं. पण घर कुठलं? दवाखाना नाव सांगणार नाही. पहिल्या फाट्यावर तो उजवीकडं वळला. टिंग... टिंग... मागं आला, डावीकडं वळला. घंटी बंद. असं करत करत, फाट्याफाट्यावर घंटी ऐकत, तो एका वस्तीवर पोचला. भर दुपार. एका घरापुढं मांडव, खुर्च्या, आत भिक्खूंचं पठण. फाटकात एक बाई उभी होती. तिच्या हातात पोराचा शर्ट. तीच त्याची आई. सकाळपासून ती त्याच्या जिवाला हाका मारत होती आणि तो येत नव्हता, हे खामपुनला मागून शेजाऱ्यांनी सांगितलं.

गाडी थांबली. ती बाई पुढं आली. खामपुनकडं तिनं बघितलंच नाही. ती डावीकडच्या दाराशी गेली, काचेवर हात ठेवला आणि म्हणाली,

"किती उशीर केलास रे."

खामपुननं पट्टा सोडला. "घर आलं, बाळा. उतर."

बाटली शवपेटीत, पोराच्या देहाशेजारी ठेवली. संध्याकाळी दहन झालं, त्यात हातभार लावून खामपुन निघाला. येताना घंटी वाजली नाही. एकदाही नाही.

थांबा, उठू नका. अजून अर्धा तास आहे प्लेटला.

लमदुआनची ती नळी काढली. मग गळ्याशी कशीबशी एक बसली, पंधरा दिवसांपुरती म्हणून. मे महिन्यात तिच्या सीरमचा नेहमीचा नमुना आला, मी तो निरनिराळ्या माणसांच्या पेशींवर लावला. शंभरातल्या पंच्याण्णवांशी भांडणारं रक्त, आठवतंय ना? एकाशीही भांडलं नाही. सगळे खळगे चकाकले. पण या वेळी मारक खळगा काळा होता, म्हणजे चाचणी खरी होती. डॉक्टर म्हणाले, असं होत नाही. मी म्हटलं, झालंय. किडनी येईल तेव्हा घाई नको म्हणून तिच्या पेशींच्या खुणा मी नव्यानं तपासल्या.

पेशीवर एक खूण आईकडची असते, एक बापाकडची. दोन. कुणीही असो, तिसरी नसते.

तिच्या तीन आल्या.

म्हटलं, रक्ताच्या नळीची अदलाबदल झाली असेल. मी स्वतः जाऊन रक्त काढून आणलं. तीन. दोन तिच्या जुन्याच. तिसरी फिकट, नीट पाहिल्याशिवाय न दिसणारी, आणि आपल्या भागात फारशी न सापडणारी. मी एप्रिलचं रजिस्टर काढलं. त्या पोराची खूण होती ती. त्याच्या रक्ताचा थेंबही तिला कधी लागला नव्हता.

जूनमध्ये तिला एका बाईची किडनी मिळाली. त्या बाईच्या खुणा निराळ्या आहेत. लमदुआन आज ठणठणीत आहे, खामपुनला अजून शिव्या घालते, दोघं मिळून केळी लावतात. दर वर्षी सोंगक्रान झालं की तिचं रक्त तपासणीला येतं. ते मी दुसऱ्या कुणाला करू देत नाही. खामपुनला फोन करून सांगतो, "सगळं ठीक आहे." तो विचारतो, "नक्की?" मी म्हणतो, "नक्की."

पुढच्या वर्षीपासून ते तुम्हालाच करावं लागणार, म्हणून सांगून ठेवतो. तिसरी खूण दर वर्षी थोडी गडद होत गेली. या एप्रिलमध्ये मी ती चाचणी चार वेळा केली. तिच्या स्वतःच्या दोन खुणा आता जेमतेम दिसतात. तिसरी स्वच्छ आली आहे.